पनवेल–कर्जत लोकल: तारा लागलेल्या दिसतात, मग गाडी कधी? मुलीच्या अकरावीचा प्रश्न आहे

चौकची सिस्टर

नमस्कार. मी चौकची, खालापूर तालुका. खारघरच्या एका रुग्णालयात नर्स आहे. पाळ्या बदलत्या. पहिली पाळी सकाळी ७ ला लागते, त्यासाठी ५ ला घर सोडावं लागतं. चौक फाट्यावर खोपोलीकडून येणारी एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर शेअर इको. ती भरेपर्यंत हलत नाही. पनवेलला उतरायचं, लोकल पकडायची, खारघर. दुसरी पाळी रात्री ९ ला सुटते आणि तेव्हा पनवेलहून आमच्याकडे यायला काही मिळेल याचा भरवसा नसतो. मग मिस्टर मोटरसायकल घेऊन पनवेल स्टेशनला येतात. पावसाळ्यात त्या जुन्या हायवेवर ट्रकांच्या चाकांचं पाणी तोंडावर घेत दोघं घरी येतो. अकरा वर्षं हेच चाललंय.

आता नव्या लाइनीचे रूळ दिसतात, खांब उभे आहेत, बऱ्याच ठिकाणी तारासुद्धा ओढल्यात. पण पेपरात तारीख येते, ती जाते, मग दुसरी येते. मी आता तारखा वाचायचं सोडलंय.

प्रश्न विचारायचं कारण असं की मुलगी यंदा दहावीला आहे. जूनपासून पनवेलच्या कॉलेजात जाईल. आम्ही पनवेल-खांदेश्वरकडे अकरा महिन्यांच्या कराराने खोली घ्यावी, की लोकलची वाट बघावी? डिपॉझिट भरायचं म्हणजे घरात ठेवलेलं थोडंफार मोडावं लागेल. सासूबाई म्हणतात, एवढी वर्षं थांबलात, आता दाराशी आलेय तर कशाला पैसे घालवता.

मला तारीख नको. जाणकारांनी एवढंच सांगावं की माझ्यासारख्या माणसाला स्टेशनजवळ उभं राहून काय दिसलं म्हणजे समजायचं की आता गाडी खरंच जवळ आली? आणि गाडी नवी येणार की दुसरीकडची जुनी? फक्त एसी लोकल आली तर पास परवडायचा नाही, तेही मनात आहे.

कर्जत–दादर पासवाला

ताई, रूळ पडले, तारा लागल्या म्हणजे काम संपलंच की. सहा महिने धरा. खोलीबिली घेऊ नका.

आम्ही कर्जतकर तर डोळे लावून बसलोय. कल्याणमार्गे सीएसएमटी १०० किलोमीटर पडतं. पनवेलमार्गे साधारण ७८. वीस-बावीस किलोमीटर वाचले म्हणजे अर्धा तास तरी सुटला. सकाळी कर्जतला गाडीत बसायला मिळतं, पण परतीला दादरला शिरताना काय होतं ते आमचं आम्हाला माहीत.

हार्बरचा मोटरमन (निवृत्त)

ताई, मी मध्य रेल्वेतून २०१९ ला निवृत्त झालो. आधी मालगाड्या, मग शेवटची चौदा वर्षं मोटरमन, त्यातली बहुतेक हार्बरला, म्हणजे सीएसएमटी–पनवेल लाइनीला. तुमचा प्रश्न वाचून रात्रीच लिहायला बसलो, कारण फलाटावर उभं राहून काय बघायचं हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं.

पासवाल्या दादांचं म्हणणं मला मान्य नाही. रूळ आणि तारा दिसल्या म्हणजे गाडीच्या हिशोबाने आपण निम्म्या वाटेत आहोत असं धरा.

तार लागणं वेगळं आणि तारेत वीज सोडणं वेगळं. आज तुम्हाला दिसते ती तार मेलेली असेल. ती चार्ज करायच्या आधी रेल्वे वर्तमानपत्रात जाहीर सूचना छापते: अमुक स्टेशन ते अमुक स्टेशन, अमुक तारखेपासून २५,००० व्होल्ट, तारा कायम जिवंत समजाव्यात, जवळ जाऊ नये. रटाळ भाषेची छोटी जाहिरात असते, लोक वाचतच नाहीत. तुम्ही वाचा. मंत्र्याच्या भाषणातल्या तारखेपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे, कारण ती छापल्यावर इंजिनिअरला खरंच वीज सोडावी लागते.

त्यानंतर इंजिन किंवा रिकामी गाडी धावताना दिसेल. लोक फोटो काढतील, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लोकल सुरू’ म्हणून फिरवतील. तेवढ्यावर जाऊ नका. ती चाचणी असते.

मग येतात रेल्वे सुरक्षा आयुक्त, आम्ही नुसतं सीआरएस म्हणतो. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं की हे खातं रेल्वे मंत्रालयाखाली येत नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतं. मुद्दाम तसं ठेवलंय, म्हणजे रेल्वेच्या घाईचं दडपण त्यांच्यावर नको. ते मोटर ट्रॉलीवर बसून लाइन बघतात, पुलावर उतरतात, बोगद्यात चालतात, सिग्नलच्या केबिनमध्ये जातात, शेवटी वेगाची चाचणी घेतात. त्यांनी मंजुरी दिल्याशिवाय एकही प्रवासी नव्या लाइनीवर नेता येत नाही. कधी मंजुरी देताना सोबत त्रुटींची यादी येते, कधी वेगाला मर्यादा घालून परवानगी मिळते. चौकच्या फलाटावर बाकं, छप्पर, तिकीट खिडकी झाली आणि रुळांवर अशा ट्रॉल्यांची रांग दिसली, तर समजा की आता दिवस मोजायला हरकत नाही.

इतका वेळ का लागला, तर ही लाइन वाटते तितकी साधी नाही. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात ती डिसेंबर २०१६ ला मंजूर झाली. लांबी २९.६ किलोमीटर. स्टेशनं पाच: पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत. बोगदे तीन. नढाळचा २१९ मीटर, किरवलीचा ३०० मीटर आणि वावर्ल्याचा २,६२५ मीटर. ठाण्याच्या पुढचा आमचा पारसिकचा बोगदा १९१६ पासूनचा, सव्वा किलोमीटरच्या थोडा वर, त्याच्या हा दुप्पट. मुंबई उपनगरी मार्गावर याहून लांब बोगदा नाही. मध्ये वनजमीन, तिच्या परवानग्या. तुमच्याकडे आधीची एकेरी लाइन आहे, पण ती मालगाड्यांची आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांची. तिच्यात लोकल घुसवली असती तर एका मालगाडीमागे सगळ्यांचा खोळंबा झाला असता. म्हणून दोन रूळमार्ग वेगळे टाकले, ते बरोबरच केलं.

आता खरी गोष्ट. माझ्या मते या लाइनीचं भवितव्य रेकवर आहे. रेक म्हणजे जोडलेली पूर्ण गाडी. कागदावर हिशोब करा. पनवेल ते कर्जत तीन थांबे घेत सुमारे ४० मिनिटं धरा. कर्जतला मोटरमनला या टोकाच्या केबिनमधून त्या टोकाच्या केबिनमध्ये जायला, गाडी परत फिरवायला दहा मिनिटं. तेवढंच पनवेलला. म्हणजे एका रेकची एक फेरी १०० मिनिटांची. एकच रेक दिला तर तुमच्या फलाटावर पनवेलची गाडी जवळपास पावणेदोन तासांनी येणार. अर्ध्या तासाला गाडी हवी तर चार रेक लागतात, वर एक कारशेडला देखभालीसाठी. हे माझं गणित आहे, अधिकृत वेळापत्रक नव्हे, पण मोटरमनच्या लॉबीत बसलेला कुणीही तुम्हाला साधारण हेच सांगेल.

आणि हे रेक आभाळातून पडत नाहीत. नवी गाडी नव्या लाइनीला असं आमच्याकडे सहसा होत नाही. गर्दीच्या लाइनीला नवी येते, तिथली सुटलेली गाडी पुढे सरकते. २०१५ ला पश्चिम रेल्वेवर बम्बार्डियरच्या गाड्या यायला लागल्या तेव्हा त्यांच्याकडच्या सीमेन्सच्या गाड्या आमच्याकडे आल्या. लोक म्हणाले, उष्टं ताट दिलं. मी ती गाडी चालवलीय. ज्याने जुनी डीसी, म्हणजे कमी व्होल्टच्या विजेवरची गाडी, चालवली त्याला सीमेन्स म्हणजे सुखच होतं.

थोडं विषयांतर करतो, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, हार्बरच्याच मार्गाने, १,५०० व्होल्ट डीसीवर. आम्ही हार्बरवाल्यांनी तीच डीसी एप्रिल २०१६ पर्यंत वापरली. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट खूप जास्त, म्हणून तारा जाड आणि सबस्टेशनं थोड्या थोड्या अंतरावर. संध्याकाळी वडाळ्याहून मी गाडी काढायचो आणि त्याच वेळी समोरच्या फलाटावरूनही कुणी काढली की व्होल्टमीटरचा काटा खाली यायचा. हँडल पुढे करूनही गाडी ओढायची नाही. मागे डब्यात लोक म्हणायचे, मोटरमन झोपलाय. कंट्रोलरला, म्हणजे वेगाच्या त्या हँडलला, शंट, सिरीज, पॅरलल, वीक फील्ड अशा पायऱ्या होत्या, प्रत्येक पायरीला गाडी धक्का द्यायची. डेडमॅन हँडल तळव्याने दाबून धरायचं, सुटलं की गाडी उभी. ड्युटी संपली तरी मनगट तासभर दुखायचं.

पश्चिम रेल्वेची डीसी २०१२ ला संपून २५,००० व्होल्ट आली, आमची मेन लाइन २०१५ ला, हार्बर सगळ्यात शेवटी. कारण तारा बदलणं सोपं होतं, पण २५,००० व्होल्टला वर अंतर जास्त लागतं आणि आमच्याकडे सगळे जुने बुटके पूल. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, तेव्हा पुढची वाट मोकळी झाली. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला शेवटची डीसी लोकल गेली. माझी ड्युटी नव्हती तरी मी कुर्ल्याला जाऊन फलाटावर उभा राहिलो. गाडी गेल्यावर आमच्यातल्या एकाने रुळाला हात लावून नमस्कार केला.

त्याच महिन्याच्या अखेरीला हार्बरवर बारा डब्यांची पहिली गाडी धावली. त्याआधी नऊच डबे होते. तीन डबे वाढले, पण गाड्यांची संख्या तीच राहिली, कारण रेक तेवढेच. वीज नवी, तारा नव्या, फलाट लांब केलेले, आणि माणूस पनवेल गाडीच्या दारात तसाच लटकलेला. तेव्हापासून नवी लाइन म्हटलं की मी आधी विचारतो, रेक किती दिले?

आता एसीचं. तिसऱ्या टप्प्यातले ४७ आणि पुढच्या ३अ मधले १९१ असे मिळून २३८ एसी रेक घ्यायचं ठरलंय. ते येतील तसे मुंबईतल्या जुन्या गाड्या बदलत जातील. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून फक्त एसी येईल असं मला वाटत नाही. हार्बरवर डिसेंबर २०२१ ला एसी लोकल आल्या, माणसं चढली नाहीत, पुढच्या मे महिन्यात त्या गाड्या मेन लाइनला नेल्या. गाडी तिथेच टिकते जिथे ती भरते.

दादांना एक गोष्ट. किलोमीटर कमी झाले म्हणजे वेळ कमी झाला असं नसतं. सीएसएमटी–पनवेल सगळे थांबे घेत ८० मिनिटं. त्यात पुढचे ४० मिळवा, दोन तास झाले. तुमची कल्याणमार्गे जलद गाडी जवळपास तेवढ्याच वेळात जाते. आणि हार्बर दादरला जातच नाही. कुर्ल्याला उतरून पूल चढून मेन लाइनला यावं लागेल. तुम्हाला फायदा होईल तो वेगळा: नवी मुंबईला जाणारे कर्जत, नेरळ, भिवपुरीचे लोक ठाण्याला उतरायचे थांबले तर तुमची गाडी थोडी मोकळी होईल.

ताई, आता तुमचा निर्णय. खोली घ्या. अकरावी-बारावीची दोन वर्षं रेल्वेच्या तारखेवर टांगू नका. गाडी करारात असताना आली तर तुमचं नुकसान महिन्या-दोन महिन्यांच्या भाड्याचं. नाही आली आणि मुलगी पावसात फाट्यावर इको भरायची वाट बघत उभी राहिली, तर ते वर्ष कुणी परत देणार नाही.

बामणडोंगरीकर

मोटरमनकाकांनी लिहिलंय ते मी नेरूळ–उरण लाइनीवर, उलव्याला राहून भोगलंय, म्हणून दोन गोष्टी.

आम्ही घर घेतलं तेव्हा ‘स्टेशन पाच मिनिटांवर’ असं सांगितलं होतं. स्टेशन होतंही, फक्त गाडी नव्हती. खारकोपरपर्यंतची गाडी नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. पुढे उरणपर्यंत जायला १२ जानेवारी २०२४ उजाडलं. माझी बहीण उरणला दिलीय, ती पाच वर्षं खारकोपरपर्यंत गाडी येताना बघत बसली.

दुसरं तुमच्या पाळीबद्दल. नवी लाइन सुरू झाली की सगळे पहिल्या गाडीचे पेढे वाटतात, शेवटची गाडी किती वाजता ते कुणी विचारत नाही. आमच्याकडे सुरुवातीला गाडी चुकली की तासभर बसायचं. स्टेशनबाहेर रिक्षा नाही, रस्त्यावर दिवे नाहीत. बायका रात्री फोनची बॅटरी लावून घोळक्याने चालायच्या. तुमची पाळी ९ ला सुटते. खारघरहून पनवेलला याल, तिथे चौककडे जाणारी साडेनऊ-दहाची गाडी आहे का, हे वेळापत्रक आल्या आल्या बघा. नसेल तर तुमच्या रुग्णालयातल्या, आसपासच्या शाळा-कंपन्यांतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज द्या. आम्ही तसे दिले. वेळ लागला, पण आता रात्री स्टेशनबाहेर अंधारातून चालावं लागत नाही.

कर्जत–दादर पासवाला

काका, दादरचं लक्षातच आलं नाही. खरं आहे. माझी वहिनी बेलापूरला जाते, कर्जत–ठाणे–बेलापूर. ठाण्याला दहा नंबरकडे पळताना दोनदा पडलीय. तिला मात्र हे सरळ पडेल. मी तुमचं उत्तर तिला पाठवलं. ताई, मी घाईत लिहिलं, माफ करा. खोली घ्या.

चौकची सिस्टर

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं उत्तर मी रात्रपाळीत मध्यरात्रीनंतर वाचलं आणि सकाळी घरी येऊन सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. रेकच्या फेरीचं गणित मिस्टरांनी कागदावर परत मांडून बघितलं. त्यांचे वडील सांगायचे की जुन्या एकेरी लाइनीच्या वेळीही गावाला वाटलं होतं, आता गाडी थांबणार. ती समोरून जाताना बघत आमची मुलं मोठी झाली.

काल सुट्टी होती म्हणून मुलीला घेऊन स्टेशनाकडे गेले. तुम्ही सांगितलेलं एकेक बघितलं. फलाट आहे, वर छपराचं काम चालू. एका खांबावर धोक्याचा लाल बोर्ड लावलेला दिसला, बाकी खांबांवर अजून नाही. तिथल्या एका कामगाराला विचारलं, तार चालू आहे का? तो म्हणाला, “नाही ताई, पण हात लावू नका, सवय चांगली नाही.”

एक विचारायचं राहिलं. वावर्ल्याचा बोगदा एवढा लांब आहे, त्यात गाडी बंद पडली तर? मुलगी घाबरते, तिला पुढे कर्जतला क्लासला जायचं झालं तर.

हार्बरचा मोटरमन (निवृत्त)

त्या कामगाराने लाख मोलाचं सांगितलं. मुलीच्या लक्षात राहू द्या.

चौकहून पनवेलला येताना वावर्ल्याचा बोगदा लागतच नाही, तो चौकच्या पुढे कर्जतच्या बाजूला आहे. तुमच्या रोजच्या वाटेत फक्त नढाळचा, २१९ मीटरचा. बारा डब्यांची लोकलच अडीचशे मीटरहून लांब असते. म्हणजे गाडी पूर्ण आत मावतही नाही, एखादं टोक उजेडातच राहील.

कर्जतला गेली तरी घाबरायचं काम नाही. वावर्ल्याच्या बोगद्यात दिवे आणि हवा खेळती ठेवायची यंत्रणा आहे. आम्ही पारसिकमधून डीसीच्या काळात गाड्या नेल्या, तिथे पावसाळ्यात वरून पाणी ठिबकायचं. गाडी बंद पडली तर एकच नियम: दारातून उडी मारायची नाही, शेजारच्या रुळावर उतरायचं नाही, गार्ड सांगेल तोवर डब्यात बसायचं. मी चौदा वर्षांत जी माणसं रुळावर बघितली, त्यातली बरीचशी थांबलेल्या गाडीतून उतरून पलीकडच्या लाइनीवर गेलेली होती. हे मुलीला जरूर सांगा, बोगद्याची भीती घालू नका.

आणि वर्तमानपत्रातली ती वीज सोडण्याची सूचना तुमच्या भागाची निघाली की इथे लिहा. मी आता अलिबागला असतो, आमच्याकडे तुमच्या भागाची आवृत्ती येत नाही.

चौकची सिस्टर

लिहिते काका. रविवारी खांदेश्वरला दोन खोल्या बघायला जातोय. एक तळमजल्यावर आहे, पाणी दिवसातून दोनदा. दुसरी स्टेशनपासून सात मिनिटं. करारात एक महिन्याच्या नोटिशीने सोडता येईल असं लिहून घ्यायचं मिस्टरांनी ठरवलंय. मुलीने त्यावर आपली अट घातली, की चौकची पहिली गाडी सुटेल त्या दिवशी कॉलेजला दांडी मारून आजीला घेऊन पनवेलला जायचं. आजी लोकलमध्ये कधीच बसलेली नाही.